दोरीबाईंची नवी लेन्स

गोल वस्तू उतरत्या जागेवर ठेवली की घरंगळते, हे मला सहावीत शिकवलं होतं. परीक्षेत प्रश्नही आला होता. आकृती काढून मी पाचपैकी साडेचार मार्क मिळवले होते. उरलेला अर्धा मार्क कशासाठी कापला होता ते त्या रविवारी सकाळी कळलं. मावशीच्या कॅमेऱ्याची लेन्स मी 'जरा पुसून ठेवावी' म्हणून काढली, खिडकीच्या कट्ट्यावर आडवी ठेवली आणि फडकं आणायला वळलो. कट्ट्याला बाहेरच्या अंगाला उतार होता. लेन्सने सहावीचा धडा तंतोतंत पाळला. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो.

खाली जाऊन उचलून आणली तेव्हा पुढची काच तडकली होती आणि कडं फिरवलं की आत वाळू भरल्यासारखं करकरत होतं. मावशी स्वयंपाकघराच्या दारात ओले हात घेऊन उभी. मी बोलणी खायच्या तयारीनेच उभा राहिलो. तिने लेन्स घेतली, बंद पडलेलं घड्याळ हलवतात तशी कानाशी हलवली आणि एवढंच विचारलं, "आज वार कोणता?"

"रविवार."

"मंगळवारी मिस्त्रींचा अंगठा आहे," ती म्हणाली, आणि आत जाऊन भांडी जरा जास्तच आवाज करत घासायला लागली.

माझी मावशी नर्स. इस्पितळात एकतीस वर्षं काढून निवृत्त झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात घरोघरी जाऊन जुन्या, चिवट, भरता न भरणाऱ्या जखमांचं ड्रेसिंग करायला लागली. मी तिच्याकडे नोकरीपुरता, तात्पुरता राहायला आलो. तात्पुरत्याला आता तीन वर्षं झाली. छपाईच्या दुकानात काम करतो. लग्नपत्रिका, बिलबुकं आणि दर आठवड्याला मावशीच्या पेशंटांचे फोटो, असं सगळं माझ्या हातून छापून निघतं. आमच्या गल्लीत तिला तोंडावर सिस्टर म्हणतात आणि पाठ फिरली की दोरीबाई. तिला हे ठाऊक आहे. "बरं आहे," म्हणते, "निदान कामावरून नाव पडलंय. तुझं पडलं तर कशावरून पडेल, सांग?" त्या रविवारनंतर मी हा प्रश्न तिला पुन्हा विचारू दिलेला नाही.

दोरीची गोष्ट मी तिच्याकडून तुकड्यातुकड्याने काढून घेतली. ती एकदम काही सांगत नाही. चिमट्याने एकेक टाका काढावा तसं काढावं लागतं.

इस्पितळात असताना जखमेची नोंद शब्दांत करायची पद्धत होती. सकाळची नर्स लिहायची, 'वाटाण्याएवढी.' दुपारची लिहायची, 'वाटाण्याएवढी.' रात्रीचीही तेच. एका म्हातारबाईंच्या टाचेची जखम अशी सतरा दिवस वाटाण्याएवढी राहिली. अठराव्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली तर आत अंगठा जाईल एवढं भोक. खोटं कोणीच लिहिलं नव्हतं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. प्रत्येकीचा वाटाणा वेगळा," मावशी म्हणाली. "आणि आदल्या दिवशी वाटाणा लिहिलेला असला ना, की माणसाला वाटाणाच दिसतो."

त्या म्हातारबाईंचं पुढे काय झालं, हे तिने सांगितलं नाही. मीही तो टाका ओढला नाही.

निवृत्त झाल्यावर ती आधी फोनवर फोटो काढायची. पण फोनला समोरच्याला सुंदर करायची भारी हौस. काळपट कडा दिसली की तो तिला गुलाबी करणार, पिवळं दिसलं की उजळवणार. "त्याला वाटतं कुणाच्या तरी लग्नाला आलोय," मावशी म्हणायची. शिवाय जवळ नेला की जे पुढे असेल ते फुगतं; अंगठा बटाट्यासारखा आणि टाच कुठच्या कुठे. म्हणून तिने निवृत्तीच्या पैशातून एक वापरलेला मिररलेस कॅमेरा घेतला. हातात मावेल एवढा, आणि त्याला एकच लेन्स, पन्नास मिलिमीटरची, झूम वगैरे काही नाही. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा विचारलंही होतं, "मावशी, झूम नसेल तर जवळचं-लांबचं कसं करायचं?"

"पाय दिलेत ना देवाने? पुढे जायचं, मागे यायचं."

पण दर वेळी नेमकं किती पुढे? तिथे दोरी आली. सुरुवातीला ती जखमेशेजारी कागदाची मोजपट्टी ठेवायची, पण ओल्या बोटावर ती वळायची आणि पेशंट कळवळायचा. मग तिने कॅमेऱ्याच्या बुडाच्या स्क्रूला एक जाड निळी दोरी बांधली. टोकाला कोटाचं बटण. बटण जखमेच्या बाजूला हवेत धरायचं, दोरी ताठ करायची, कॅमेरा तिथेच ठेवून बटण सोडायचं आणि फोटो घ्यायचा. बटण स्पिरिटने पुसून पुढच्या पेशंटकडे. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश नाही, कारण ओली जखम फ्लॅशमध्ये चमकते आणि काहीच दिसत नाही. दर आठवड्याला तोच वार, तीच वेळ, तीच दोरी. फोटो मी एकाच मापात छापायचे, ती वहीत चिकटवायची. वहीची पानं भराभर उलटली की जखम डोळ्यांदेखत मिटताना दिसते. किंवा दिसत नाही.

मिस्त्रींची दिसत नव्हती.

मिस्त्री म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतले सुतार. खिडक्या, दारं, कपाटं. अंगात साखरेचा आजार, आणि त्यात उजव्या पायाच्या अंगठ्यावर धारदार पटाशी पडली. सात आठवडे, सात फोटो. पहिल्या चारांत जखम वाढलेली, पुढच्या तिनांत जिथल्या तिथे. सर्जनने त्यांना स्वच्छ सांगितलं होतं: येत्या शुक्रवारी वही घेऊन या. आठव्या फोटोत जखम कमी दिसली तर थांबू, नाहीतर पाऊल वाचवायला अंगठा काढावा लागेल. मिस्त्री रंधा मारतात तो उभ्याने, मागच्या पायाच्या अंगठ्यावर सगळा भार टाकून. "अंगठा गेला तर मी सुतार नाही," ते मला एकदा म्हणाले होते. "मग फक्त लाकडांची माहिती असलेला माणूस."

आणि आठवा फोटो काढायची लेन्स मी खिडकीतून सोडली होती.

सोमवारी मी दुकानात 'अल्बम'ला गाठलं. लग्नांचे फोटो काढणारा हा माझा मित्र. अल्बम छापायला सतत आमच्याकडे, म्हणून नावच अल्बम पडलेलं. त्याच्याकडे मावशीच्या कॅमेऱ्याला बसणारी एक लेन्स होती. चपटी, बिस्किटासारखी, खिशात टाकली तर विसरून जाल अशी. वर चाळीस लिहिलं होतं.

"पन्नास हवी होती रे," मी म्हणालो.

"चाळीस काय, पन्नास काय, दोन्ही साधंच दिसतं. डोळ्याला दिसतं तसं," अल्बम म्हणाला. "गुरुवारी परत दे. शुक्रवारपासून माझं लग्न आहे."

"तुझं?"

"माझं कुठलं नशीब. लोकांचं."

मी घरी येऊन मावशीला सांगितलं, तीच वस्तू आहे, फक्त बुटकी. मंगळवारी मिस्त्रींच्या घरी दोरी ताठ झाली, बटण सुटलं, फोटो निघाला. मावशी कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघून म्हणाली, "जरा लांबून निघाल्यासारखा वाटतोय रे." मी म्हणालो, "नव्या लेन्सेसमध्ये जास्त मावतं." कुठून सुचलं ते मलाही माहीत नाही. आत्मविश्वास मात्र साडेचार मार्कांचा होता.

छापून आणला. वहीत सातव्याशेजारी आठवा चिकटवला आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. जखम लहान झाली होती. चांगली दिसेल इतकी लहान.

बुधवारी सकाळी ड्रेसिंगला गेलो तेव्हा वही मीच मिरवत नेली. मिस्त्रींच्या बायकोने, आम्ही त्यांना काकू म्हणतो, ती बघितली, डोळ्यांना पदर लावला आणि पुढच्या दहा मिनिटांत बहीण, भाऊ, सून आणि घरमालक एवढ्यांना फोन करून झाले. मिस्त्री खुर्चीत, पाय स्टुलावर. पट्टी सोडून मावशी उघड्या अंगठ्याकडे बघायची, मग वहीकडे, मग परत अंगठ्याकडे.

"काय झालं?" मी हळूच विचारलं.

"कडा तीच आहे," ती पुटपुटली. "भरायला लागली की कडेला फिकट गुलाबी रेघ येते. इथे बारीकशी आलीय, पण एवढी भरायला ती याच्या दुप्पट हवी होती."

"पण फोटोत..."

"फोटोत दिसतंय ते मलाही दिसतंय, शहाण्या."

मिस्त्रींनी हात पुढे केला. "द्या बघू ती वही. आणि अगं, माझ्या पेटीतलं कर्कटक आण."

कर्कटक म्हणजे आपल्या कंपासपेटीत असायचं तेच, दोन टोकदार पायांचं. फक्त मिस्त्रींचं वीतभर लांब आणि वापरून काळं झालेलं. सुतार एका लाकडावरचं माप उचलून दुसऱ्यावर ठेवतो ते त्याने. मला वाटलं ते जखम मोजणार. त्यांनी सातव्या फोटोत अंगठ्याच्या नखावर दोन टोकं टेकवली, नखाची रुंदी पकडली आणि तसंच उचलून आठव्या फोटोतल्या नखावर ठेवलं. दोन्ही टोकं नखाच्या बाहेर गेली.

काकू आणखी कुणाला तरी फोन लावून "अहो ऐका ना, जखम—" म्हणत होत्या, त्या मधेच थांबल्या.

"सिस्टर," मिस्त्री शांतपणे म्हणाले, "तुमच्या औषधाने जखम बारीक झाली ती झाली, नखसुद्धा बारीक झालंय. आणखी दोन आठवडे हेच औषध चालू ठेवलं तर मला नातवाचे बूट बसतील."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मला एकदम खिडकीचा कट्टा आठवला आणि त्यापेक्षाही उतरती जागा असली तर तिथून घरंगळावंसं वाटलं. दोरी होती तेवढीच राहिली आणि लेन्स पन्नासच्या जागी चाळीसची आली. तेवढ्याच अंतरावरून तिने सगळंच लहान करून दाखवलं, अंगठा, नख, जखम, सगळं एकाच प्रमाणात. काकूंनी फोन ठेवला. एवढ्या सगळ्यांना आता काय सांगायचं, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर इतका स्पष्ट होता की मी वहीत डोकं घातलं.

"मी कॉम्प्युटरवर मोठा करून छापू का? नखाच्या मापाला आणून?" मी सुचवलं.

"आणि डॉक्टरांना काय सांगू?" मावशी म्हणाली. "की भाच्याने हिशोबाने मोठा केलाय? आज मोठा करशील, उद्या कुणी सोयीने छोटा करील. नको. फोटो निघतो तसा वहीत जाणार." मग मिस्त्रींना, "तुम्ही गप्प बसला असता तरी चाललं असतं हो."

"शुक्रवारपर्यंत चाललं असतं," मिस्त्री म्हणाले. "पुढे कशावर चाललो असतो?"

बुधवारी दुपारीच आम्ही कॅमेऱ्याच्या दुकानात. जिन्याखालचं अरुंद दुकान, काचेच्या कपाटात ओळीने लेन्सेस, आणि मालक इतका गोड बोलणारा की मी त्याला मनातल्या मनात साखरे म्हणायला लागलो. मावशीची तडकलेली लेन्स बघून त्याने चुकचुक केलं. "ही आता बनत नाही ताई. पण पन्नासमध्ये एक चीज दाखवतो." त्याने दोन्ही हातांनी एक लेन्स काढली. वरवंट्याएवढी. "हिच्यात मागचं सगळं कसं विरघळतं बघा. लोण्यासारखं."

"मागे काय विरघळवायचंय?" मावशी म्हणाली. "मागे बादली असते. पुढचा अंगठा दिसू दे."

"अंगठा?"

"बूट काढा."

साखरेंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण मावशीच्या आवाजात एकतीस वर्षांचं इस्पितळ असतं. त्या आवाजापुढे मोठमोठ्यांनी पाठी उघड्या केल्यात. त्यांनी बूट काढला. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. "बघा, काम सोपं झालं," ती म्हणाली, पण मोजाही काढायला लावला आणि त्यांचा पाय स्टुलावर घेतला. पुढचा पाऊण तास दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाईकाने मालकाचा उघडा पाय आणि त्याच्यावर रोखलेला कॅमेरा बघितला. दोघं दारातूनच परत गेले.

वरवंटा पहिल्या परीक्षेतच नापास झाला. दोरीच्या अंतरावर त्याला अंगठा स्पष्ट दिसेचना. आत काहीतरी पुढेमागे सरकत राहिलं आणि थकलं. अर्धा हात मागे गेलं तेव्हा कुठे दिसला. शिवाय मावशीने तो साखरेंच्या पायाच्या अगदी जवळ नेला तर त्यांनी नकळत पाय आखडला.

"बघितलंस?" ती मला म्हणाली. "दुखऱ्या जागेवर एवढं मोठं भोक रोखलं की माणूस आकसतोच. यांचं तर दुखतही नाहीये."

दुसरी पन्नासची लहान होती, हलकी होती, दोरीच्या अंतरावर जेमतेम बघायची. पण बघताना घुर्र घुर्र करायची. "कॉफी दळतेय का आत?" मावशीने विचारलं. तिचे एक पेशंट आहेत, जुने शाळामास्तर, ज्यांना आता कुणी ओळखू येत नाही; कसलाही आवाज झाला की ते हात झटकतात. त्यांच्या कोपराशेजारी हे यंत्र नेणं शक्यच नव्हतं. मला हे माहीत नव्हतं. म्हणजे मास्तर माहीत होते, पण लेन्स निवडताना ते मधे येतात हे माहीत नव्हतं. मी आजवर समजत होतो की लेन्स म्हणजे काच आणि आकडा. मावशी एकेक उचलायची आणि तिच्या मागे तिचे सगळे पेशंट रांगेत उभे राहायचे: याला आवाज चालत नाही, हिच्या खोलीत उजेड कमी, त्याच्या पलंगाशेजारी भिंत, मागे सरकायला जागाच नाही.

तिसरी तिने स्वतःच बोट ठेवून मागितली. चपटी, बिस्किटासारखी. चाळीस.

"मावशी, हीच ती खोटारडी!" मी म्हणालो.

"ती कुठे खोटं बोलली? तिला दुसरीची दोरी बांधली कोणी?"

चाळीसची लेन्स आवाज न करता क्षणात अंगठ्यावर बसली. जवळ गेलं तरी दिसत होतं, कमी उजेडातही दिसत होतं. समोरून कॅमेरा एवढा साधा दिसत होता की साखरेंनी पाय हलवलाच नाही. फोटो मोठा करून मावशीने बराच वेळ पाहिला. मी उत्सुकतेने विचारलं, "चांगली आहे ना?"

"लेन्स चांगली आहे," ती म्हणाली. "यांच्या अंगठ्याच्या कडेला मात्र नख आत वाढतंय. रात्री कोमट पाण्यात पाय ठेवा, आणि हे टोकदार बूट टाकून द्या."

साखरे पाय हातात धरून स्वतःच्या अंगठ्याचा फोटो बघत बसले. किंमत सांगताना त्यांचा आवाज आपोआप खाली आला. पैशांचं काय, ते विचारू नका. माझ्या पगारातून गेले आणि योग्य तिथेच गेले.

आता प्रश्न दोरीचा. घरी येऊन मी वही-पेन काढलं. पन्नासला पंचेचाळीस सेंटिमीटर दोरी, तर चाळीसला किती? त्रैराशिक. छत्तीस. दोनदा रेघ मारून मी उत्तर मावशीला अभिमानाने दाखवलं. गुरुवारी सकाळी मिस्त्रींकडे छत्तीसवर गाठ मारून फोटो घेतला, सायकल हाणत दुकानात जाऊन छापला आणि परत आणला. मिस्त्रींनी कर्कटक लावलं.

"नख अजून बारीक आहे. केसभर."

"शक्यच नाही. गणित आहे ते," मी म्हणालो.

"असेल. नख माझं आहे."

मी साखरेंना फोन केला. ते म्हणाले, लेन्सवर लिहिलेला आकडा गोळाबेरीज असतो, आणि जवळचं बघताना तो आणखी थोडा हलतो. शिवाय कोमट पाण्याने बरं वाटतंय, ताईंना सांगा. म्हणजे माझं गणित बरोबर, फक्त जगाने त्याप्रमाणे वागायचं नाकारलं. मिस्त्री हसले. "पोरा, दाराच्या चौकटीवर काय लिहिलंय ते बघून आम्ही दार कापत नाही. चौकट मोजतो, थोडं जास्त ठेवतो, मग बसेपर्यंत तासतो."

मग आम्ही दोरी तासली. म्हणजे मावशी गाठ बोटभर पुढे घ्यायची, फोटो घ्यायची. पुन्हा अर्धं बोट मागे, पुन्हा फोटो. पाच गाठी, पाच फोटो. मी सगळे घेऊन पुन्हा दुकानात. आमच्या मालकाने विचारलं, "हा एकच अंगठा किती वेळा छापणार आहेस?" मी म्हणालो, "बसेपर्यंत."

दुपारी मिस्त्रींनी पाचही फोटो मांडीवर मांडले. सातव्या फोटोतलं नख कर्कटकात पकडलं आणि एकेकावर टेकवत गेले. पहिला, बारीक. दुसरा, मोठा. तिसऱ्यावर दोन्ही टोकं नखाच्या दोन्ही कडांवर अलगद बसली, दार चौकटीत बसतं तशी. ते पुन्हा एकदा सातव्यावर गेले, पुन्हा तिसऱ्यावर आले. "हा," म्हणाले. मावशीने त्या गाठीवर लाल दोऱ्याचे चार वेढे दिले. दोरीचा नवा जन्म झाला.

पण कर्कटक अजून त्यांच्या हातात होतं. आता ते जखमेवर जाणार हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. काकू दारात, हातात फोन नाही. मिस्त्रींनी सातव्या फोटोतली जखम पकडली. पुढे टेकवायला त्यांना जरा वेळ लागला. टोकं नव्या फोटोवर आली. दोन्ही टोकं जखमेच्या किंचित बाहेर. किती? टोकदार पेन्सिलीची रेघ असते, तेवढी.

"कमी आहे," मावशी म्हणाली. "फार नाही. पण आहे. बघा, ही गुलाबी रेघ."

"रेघभर," मिस्त्री म्हणाले.

"सुताराला रेघभर म्हणजे किती, ते मी सांगायचं का तुम्हाला?"

काकूंनी कुणालाही फोन केला नाही. आत जाऊन चहा टाकला.

शुक्रवारी सर्जनकडे मीही गेलो. वही उघडल्यावर त्यांची नजर आधी आठव्या पानावर अडकली. तिथे दोन फोटो होते. मंगळवारचा खोटा फोटो मावशीने फाडला नव्हता; त्यावर तिरकी रेघ मारून शेजारी लिहिलं होतं: 'चुकीची दोरी. नख पाहावे.' खाली गुरुवारचा. डॉक्टरांनी विचारलं, तिने सांगितलं. माझं नाव न घेता, 'घरात एक अपघात झाला' एवढंच. डॉक्टरांनी पहिलं ते आठवं सगळी पानं उलटली, परत उलटली, टेबलावरची पट्टी घेऊन स्वतः नखं मोजली. मग मिस्त्रींना विचारलं, "पायाला गरम वाटतंय का? रात्री ठणकतो?"

"पूर्वी ठणकायचा. आता नुसता बोलतो."

"थांबू या मग," डॉक्टर म्हणाले. "तीन आठवडे. बाई, फोटो असेच हवेत. आणि हा खोडलेला ठेवलात ते बरं केलंत."

बाहेर आल्यावर मिस्त्री पायऱ्यांवर थांबले. त्यांनी कुबडी बगलेत धरली आणि उजवा पाय हळूच जमिनीला टेकवला, पूर्ण नाही, अंगठ्याची नुसती बाजू. मावशीने डोळे वटारले तेव्हा उचलला.

अकराव्या फोटोत जखम खरोखरच वाटाण्याएवढी झाली. तेराव्यात मसुरीच्या दाण्याएवढी. मावशी हे शब्द मुद्दाम वापरते आणि मग हसते. सोळाव्यानंतर मिस्त्री पुन्हा रंध्यापाशी उभे राहायला लागले, दिवसाला तासभर, तेही काकू समोर बसलेल्या असताना. त्यांनी मावशीला एक लाकडी तबक करून दिलंय, लेन्स ठेवायला. चारही बाजूंनी बोटभर उंच काठ. आतल्या बाजूला छिन्नीने कोरलंय: 'भाच्यासाठी.'

मोबदल्यात त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "पायाचे सोळा फोटो झाले. तोंडाचा एकही नाही. रंधा मारतानाचा एक काढून दे, चौकटीत लावतो. चौकट माझी." मी लगेच हो म्हणालो. पहिल्या रविवारी गेलो तर त्यांनी दाढी केली नव्हती. दुसऱ्या रविवारी दाढी केलेली होती, उजेड होता, कॅमेराही होता. पण डोळ्याला लावल्यावर मला कळेना की किती पुढे उभं राहायचं. एक पाऊल पुढे गेलो तर चेहरा येत होता आणि रंधा जात होता; मागे आलो तर रंधा, फळी, अंगठ्यावर टाकलेला भार, सगळं येत होतं आणि मिस्त्रींचे डोळे हरवत होते. "दोरी नाकाला लावू का?" त्यांनी विचारलं. मी दहाबारा फोटो काढले, घरी नेऊन मावशीला दाखवले. तिने बघितले आणि म्हणाली, "पाय दिलेत ना देवाने? परत जा."

मी परत गेलेलो नाही अजून. मिस्त्री फोटोचं विचारतील म्हणून हल्ली दुकानात जाताना मागच्या गल्लीतून जाणं टाळतो. पण परवा सवयीने शिरलोच. मिस्त्री दाराशी एका फळीवर वाकलेले. मला बघितलं. पेटीतून कर्कटक काढलं, एक डोळा मिटला, आणि लांबूनच माझ्या चेहऱ्यावर त्याचे दोन पाय उघडून धरले.

फोटोची चौकट तयार आहे, भिंतीला टेकवून ठेवलीय. मी पाहिली. रिकामी.